झेमान यांचा चुंबक आणि ज्ञानाचा ताळेबंद

डोंबिवलीच्या फलाटावर रोज सकाळी गाडीची वाट पाहणाऱ्या चाकरमान्याला एक अनुभव नित्याचा आहे. येथे न थांबणारी एखादी लांब पल्ल्याची गाडी शिट्टी वाजवीत येते. ती जवळ येत असताना शिट्टीचा स्वर चढा लागतो आणि इंजिन समोरून पुढे जाताच तोच स्वर एकाएकी उतरतो. शिट्टी तीच, वाजविणाराही तोच. आधी गाडी आपल्याकडे येत होती, आता ती आपल्यापासून दूर जात आहे, एवढाच काय तो फरक. शाळेच्या पुस्तकात याला डॉप्लर परिणाम म्हणतात. प्रकाशाच्या बाबतीतही हेच घडते. त्यामुळे उभी राहिलेली एक बिकट अडचण अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली दूर केली. परंतु त्यासाठी जो शोध उपयोगी पडला, तो लागला होता १८९६ साली. तो लावणारे डच शास्त्रज्ञ पीटर झेमान १९४३ मध्येच निवर्तले होते. पेरणी आणि कापणी यांमधील ८६ वर्षांच्या या अंतराचा हिशेब कसा मांडावयाचा, हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा नव्हे, तर अर्थशास्त्राचा आहे. म्हणूनच अर्थशास्त्राच्या एका अध्यापकाने झेमान यांचे चरित्र सांगण्याचे हे धाडस केले आहे.

झेमान यांचा जन्म २५ मे १८६५ रोजी हॉलंडच्या झीलंड प्रांतातील झोनेमेर या लहानशा गावी झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. घरी श्रीमंती नसली तरी पुस्तके होती. १८८२ साली हॉलंडच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला. त्या अक्षांशावर हे दृश्य विरळाच. पीटर तेव्हा जवळच्या झीरिकझे गावी माध्यमिक शाळेत शिकत होता. त्याने त्या प्रकाशाचे काळजीपूर्वक चित्र काढले, वर्णन लिहिले आणि ते लंडनच्या ‘नेचर’ या विज्ञानविषयक साप्ताहिकाकडे धाडून दिले. ते छापून आले. एवढेच नव्हे, तर संपादकांनी या शाळकरी मुलाला कोणी वेधशाळा बाळगणारा प्राध्यापक समजून त्याच्या निरीक्षणाची वाखाणणी केली, अशी हकीकत सांगितली जाते. ती बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरतेच. डोळ्यांना दिसले ते, दिसले तसे नोंदविण्याची सवय या मुलाला वयाच्या सतराव्या वर्षीच लागली होती.

विद्यापीठाचा दरवाजा मात्र त्याच्यासाठी लगेच उघडला नाही. त्या काळी प्रवेशासाठी ग्रीक आणि लॅटिन आवश्यक असे, आणि पीटरच्या शाळेत या भाषा शिकविल्या जात नसत. डेल्फ्ट येथे राहून त्याने दोन वर्षे त्यांच्या अभ्यासात घालविली. तेथेच त्याची गाठ कामर्लिंग ओनेस यांच्याशी पडली. १८८५ साली झेमान लायडन विद्यापीठात दाखल झाले आणि त्यांना दोन थोर गुरू लाभले. एक स्वतः ओनेस, ज्यांनी पुढे हेलियम वायूचे द्रवीकरण करून दाखविले. दुसरे हेंड्रिक लोरेन्ट्झ, त्या काळातील सैद्धान्तिक पदार्थविज्ञानाचे अग्रणी. १८९० मध्ये झेमान लोरेन्ट्झ यांचे साहाय्यक झाले. चुंबकावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या स्वरूपात काय फरक पडतो, या विषयावर त्यांनी १८९३ मध्ये डॉक्टरेट मिळविली.

या कामाच्या ओघातच त्यांना एक प्रश्न सुचला. प्रकाश परावर्तित होताना चुंबक त्याच्यावर परिणाम करीत असेल, तर प्रकाश जेथे जन्म घेतो त्या ज्योतीवरच चुंबक रोखला तर काय होईल? त्यांनी प्रयोग करून पाहिला. काहीच दिसले नाही. पुढे मायकेल फॅरेडे यांच्याविषयीचा एक चरित्रपर लेख त्यांच्या वाचनात आला. नेमका हाच प्रयोग फॅरेडे यांनी आयुष्याच्या अखेरीस, १८६२ साली केला होता आणि त्यांनाही काही आढळले नव्हते, असे त्यातून कळले. आपल्यासारखा सामान्य मनुष्य येथे हात टेकील. फॅरेडेसारख्याला जे दिसले नाही ते मला काय दिसणार, असे म्हणेल. झेमान यांनी उलट विचार केला. फॅरेडेसारख्याला जो प्रश्न विचारण्याजोगा वाटला, तो नव्या साधनांनी पुन्हा विचारलाच पाहिजे, असा तो विचार होता. मधल्या काळात अमेरिकेतील रोलंड यांनी धातूच्या आरशावर हजारो समांतर रेघा कोरून अशी ग्रेटिंग तयार केली होती, की तिच्यामुळे प्रकाशाचे पृथक्करण पूर्वीपेक्षा कितीतरी सूक्ष्मतेने करता येऊ लागले होते.

१८९६ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस झेमान यांनी मिठात भिजविलेला ॲस्बेस्टॉसचा तुकडा बर्नरच्या ज्योतीत धरला आणि ती ज्योत एका शक्तिमान विद्युच्चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ठेवली. मिठातील सोडियममुळे ज्योत पिवळी होते. त्या पिवळ्या प्रकाशाच्या वर्णपटात दोन बारीक, रेखीव रेषा दिसतात. चुंबकाचा विद्युत्प्रवाह सुरू करताच या रेषा रुंद झाल्या. प्रवाह बंद करताच पूर्ववत झाल्या. पुन्हा सुरू, पुन्हा रुंद. शोध लागला होता. झेमान यांना मात्र आनंदाऐवजी शंका आली. चुंबकामुळे ज्योतीचा आकार, तिची उष्णता किंवा सोडियमच्या वाफेची घनता बदलत असेल आणि म्हणून रेषा रुंदावत असतील तर? या शंकेच्या निरसनासाठी त्यांनी ज्योत सोडून दिली. दोन्ही टोकांना काचा लावलेल्या चिनी मातीच्या नळीत सोडियम तापवून त्यांनी तिच्यातून तीव्र प्रकाश पाठविला, उष्णता सर्वत्र सारखी राहावी म्हणून ती नळी फिरती ठेवली, आणि तरीही तोच परिणाम दिसतो याची खात्री करून घेतली. स्वतःच्या शोधाविरुद्ध स्वतःच वकिली करण्याची ही वृत्ती हाच झेमान यांच्या यशाचा गाभा होय.

३१ ऑक्टोबर १८९६ या शनिवारी ओनेस यांनी हा शोध डच विज्ञान अकादमीपुढे मांडला. सोमवारी लोरेन्ट्झ यांनी झेमान यांना बोलावून त्याचे स्पष्टीकरण हाती ठेवले. अणूच्या आत विद्युत्भारित कण आंदोलत असतात. चुंबकामुळे त्यांच्या आंदोलनाचा वेग किंचित बदलतो आणि म्हणून रेषा दुभंगते, असे त्याचे सार होते. रेषेच्या कडांवरील प्रकाशाचे ध्रुवीकरण अमुक प्रकारचे असले पाहिजे, असे भाकीतही लोरेन्ट्झ यांनी केले, आणि झेमान यांना ते खरे ठरलेले आढळले. रेषा किती रुंदावते यावरून त्या कणाचा विद्युत्भार आणि वस्तुमान यांचे गुणोत्तर काढता आले. हा कण सर्वांत हलक्या अणूपेक्षाही हजाराहून अधिक पटीने हलका असला पाहिजे, असा त्याचा अर्थ होता. १८९७ मध्ये केंब्रिजच्या थॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध सिद्ध केला, त्याच्या काही महिने आधीच लायडनच्या या ज्योतीने त्याची चाहूल दिली होती. १९०२ चे नोबेल पारितोषिक लोरेन्ट्झ आणि झेमान या गुरुशिष्यांना विभागून देण्यात आले.

१८९७ च्या आरंभी झेमान ॲमस्टरडॅमला व्याख्याते म्हणून गेले, १९०० मध्ये प्राध्यापक झाले आणि उर्वरित आयुष्य त्यांनी तेथेच वेचले. परंतु येथे त्यांच्या वाट्याला एक विचित्र शत्रू आला. शहराच्या रहदारीने प्रयोगशाळेची इमारत हादरे आणि नाजूक उपकरणांवर घेतलेली छायाचित्रे वाया जात. एकाच रेषेच्या तीन रेषा झाल्याचे त्यांनी कॅडमियमच्या बाबतीत दाखविले खरे. तथापि काही रेषा तीन नव्हे तर चार आणि सहा भागांत फुटतात, या कोड्याच्या उलगड्यात डब्लिनच्या प्रेस्टन यांच्यासारखे इतर संशोधक पुढे निघून गेले. गमतीचा भाग असा, की झेमान यांच्या पहिल्या प्रयोगातील सोडियमच्या रेषा याच अवघड जातीच्या होत्या. त्यांचे उपकरण अधिक सूक्ष्म असते, तर लोरेन्ट्झ यांच्या सोप्या सिद्धान्तात न बसणारे चित्र त्यांना पहिल्याच दिवशी दिसले असते! हे कोडे सुटण्यासाठी १९२५ साली इलेक्ट्रॉनच्या परिवलनाची, म्हणजे ‘स्पिन’ची कल्पना पुढे यावी लागली. ती मांडणाऱ्या दोघा डच तरुणांपैकी गाउडस्मिट यांनी काही काळ झेमान यांच्याच प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून काम केले होते. अखेर १९२३ मध्ये झेमान यांना नवी प्रयोगशाळा मिळाली. तिच्यात अडीच लाख किलोग्रॅम वजनाचा काँक्रीटचा एक प्रचंड ठोकळा इमारतीच्या जमिनीपासून अलग असा उभारण्यात आला होता. हेतू एकच, उपकरण हलू नये.

हे वाचून मुंबईकरांना कुलाबा वेधशाळेची आठवण व्हावी. तेथे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची मोजमापे १८४१ पासून घेतली जात होती. ज्या १८९६ साली झेमान यांनी रेषा रुंदावताना पाहिल्या, त्याच वर्षी नानाभाई मूस हे या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या विद्युत्प्रवाहामुळे कुलाब्याची चुंबकीय नोंद निरर्थक होईल हे मूस यांनी ओळखले. १९०४ मध्ये अलिबागला, चुंबकीय गुणधर्म नसलेल्या दगडाच्या इमारतींत, नवी वेधशाळा सुरू झाली. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे घेण्यात आली, जेणेकरून जुन्या आकड्यांची नव्याशी सांगड तुटू नये. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली, तोपर्यंत हे काम पूर्ण झाले होते. कोणताही ग्राहक समोर नसताना, केवळ नोंदींची अखंडता टिकावी म्हणून केलेला हा खर्च होता. ती नोंद आजही चालू आहे आणि जगातील दीर्घतम चुंबकीय नोंदींमध्ये तिची गणना होते.

झेमान यांच्या हयातीतच त्यांच्या शोधाने एक मोठे फळ दिले. १९०८ मध्ये अमेरिकेचे हेल यांनी सूर्यावरील डागांच्या वर्णपटात दुभंगलेल्या रेषा ओळखून तेथे तीव्र चुंबकक्षेत्र असल्याचे सिद्ध केले. लायडनच्या ज्योतीवर शिकलेला धडा सूर्याला लागू पडला. झेमान मात्र आपल्या गतीने काम करीत राहिले. वाहत्या द्रवातील प्रकाशाचा वेग त्यांनी अत्यंत काटेकोरपणे मोजला. उतारवयात आरगॉन वायूचा एक नवा समस्थानिक त्यांच्या प्रयोगशाळेत सापडला. १९३५ मध्ये ते निवृत्त झाले. १९४० मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. हॉलंड जर्मनीच्या टाचेखाली असताना ९ ऑक्टोबर १९४३ रोजी ॲमस्टरडॅम येथे त्यांचे निधन झाले.

सामान्य चरित्र येथे संपते. झेमान यांचे संपत नाही.

सोडियम भट्टीत तापविला की त्याचे अणू सेकंदाला सुमारे एक किलोमीटर या वेगाने बाहेर पडतात. त्या वेगाने डोंबिवलीहून बोरीबंदर गाठावयास पन्नास सेकंदही लागू नयेत. इतक्या वेगाने पळणाऱ्या अणूचे निवांत निरीक्षण कसे करावयाचे? त्याला हाताने धरता येत नाही. भांड्यात अडविला तर तो भिंतीला चिकटतो. त्याला रोखण्याचा उपाय म्हणजे समोरून प्रकाशाचा मारा करणे. लेसरच्या प्रकाशातील प्रत्येक कण शोषताना अणूला उलट दिशेने हलकासा धक्का बसतो. नंतर तो अणू तेवढाच प्रकाश परत टाकतो, परंतु तो वाटेल त्या दिशेने. त्यामुळे ते धक्के परस्परांना छेदतात आणि समोरून बसलेले धक्के तेवढे शिल्लक राहतात. असा एक धक्का अणूचा वेग सेकंदाला केवळ तीन सेंटिमीटरने कमी करतो. उधळलेल्या बैलाला ज्वारीचे दाणे मारून थांबविण्याचाच हा प्रकार! परंतु दाण्यांची संख्या तीस हजारांवर गेली आणि ती सेकंदाच्या सुमारे हजाराव्या हिश्श्यात मारता आली, तर बैलही थांबतो.

अडचण उभी राहते ती फलाटावरच्या शिट्टीची. अणू एका ठरावीक कंप्रतेचाच प्रकाश शोषतो. ती किंचित जरी चुकली तरी प्रकाश त्याच्या जवळून निघून जातो. लेसरच्या दिशेने धावणाऱ्या अणूला त्या प्रकाशाचा स्वर चढा लागतो. हे लक्षात घेऊन लेसर आधीच खालच्या स्वरात लावला, तर सुमारे दोनशे धक्क्यांनंतर अणूचा वेग एवढा उतरतो, की त्याला लागणारा स्वरही उतरतो, सूर बिघडतो आणि मारा निष्फळ ठरतो. तीस हजार धक्क्यांचे काम दोनशेवरच अडते. लेसरचा स्वर वेगाशी जुळवीत बदलत नेणे हा एक मार्ग झाला; पण त्यात अणूंचा प्रवाह अखंड न राहता तुकड्यातुकड्यांनीच मंद होतो.

१९८२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत विल्यम फिलिप्स आणि हॅरल्ड मेटकाफ यांनी दुसरा मार्ग काढला. प्रकाशाचा स्वर बदलण्याऐवजी त्यांनी अणूचाच स्वर बदलला. चुंबकक्षेत्रात अणूची वर्णरेषा सरकते, हेच तर झेमान यांनी दाखविले होते. फिलिप्स आणि मेटकाफ यांनी तारेचे असे वेटोळे तयार केले, की ज्याच्या आरंभी चुंबकक्षेत्र तीव्र असते आणि पुढे ते क्रमाने घटत जाते. अणू वेटोळ्यातून जाताना त्याचा वेग जसजसा कमी होतो, तसतसे चुंबकक्षेत्रही कमी होते. वेगामुळे पडणारा फरक चुंबक नेमका भरून काढतो आणि लेसरचा मारा अखेरपर्यंत लागू पडतो. या उपकरणाला झेमान स्लोअर असे नाव पडले. येथे एक गैरसमज टाळावयास हवा. अणूला चुंबक थोपवीत नाही, प्रकाश थोपवितो. चुंबक त्या दोघांचा सूर जुळता ठेवतो. पहिल्या प्रयोगात अणूंचा वेग मूळच्या निम्म्याहून कमी झाला, तर १९८५ पर्यंत त्यांना जवळजवळ स्तब्ध करून चुंबकीय सापळ्यात धरण्यापर्यंत मजल गेली. आणि योगायोग पाहा, हे अणू होते सोडियमचेच, आणि प्रकाश होता तोच पिवळा, लायडनच्या ज्योतीचा. १९९७ च्या नोबेल पारितोषिकात फिलिप्स यांचा वाटा होता.

मंद अणूंचे महत्त्व केवळ कुतूहलाचे नाही. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आंदोलनांवर आधारलेली आहे, आणि अणू जितका संथ तितकी ही आंदोलने अचूक मोजता येतात. अशा घड्याळांची चूक कोट्यवधी वर्षांत एका सेकंदाइतकी असते. भारतीय प्रमाणवेळ सांभाळणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत या जातीचे घड्याळ उभारले गेले आहे. सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या निबंधातून ज्या पदार्थावस्थेचे भाकीत निघाले, ती १९९५ मध्ये प्रत्यक्षात आली, तीही अणू मंद आणि थंड करण्याच्या याच विद्येमुळे. बोस त्याच्या २१ वर्षे आधी निवर्तले होते. पुण्याच्या ‘आयसर’ संस्थेत थंड अणूंवर संशोधन चालते. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ६,००३ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली, आणि त्यातील सूक्ष्म मापनाचे केंद्र पवईच्या आय. आय. टी.कडे आले. रुग्णालयातील एम. आर. आय. तपासणीच्या मुळाशीही चुंबकक्षेत्रात ऊर्जेच्या पातळ्या दुभंगण्याचे हेच तत्त्व आहे, फक्त तेथे ते अणुकेंद्रकाच्या बाबतीत.

आता ताळेबंदाकडे वळू. १८९६ साली लायडनच्या कोणा हिशेबनीसाने विचारले असते, की या पिवळ्या रेषेच्या रुंदीपासून उत्पन्न किती, तर झेमान यांच्यापाशी उत्तर नव्हते. मूलभूत ज्ञान ही अर्थशास्त्राच्या भाषेत सार्वजनिक वस्तू आहे. एकाने वापरल्याने ती दुसऱ्यासाठी कमी होत नाही, आणि न मोजणाऱ्याला तिच्यापासून दूर ठेवता येत नाही. म्हणूनच बाजार तिच्यावर पुरेसा खर्च करीत नाही आणि तो भार समाजाने उचलावा लागतो. भारताचा संशोधन आणि विकास यांवरील खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के इतकाच होता. गरीब देशाने आधी पाणी, शाळा, दवाखाने पाहावेत, हा आक्षेप क्षुल्लक नाही. शंभर प्रयोगांतील नव्वद कदाचित कधीच फळणार नाहीत, हेही खरे. परंतु उरलेले दहा कोणते, हे आधी सांगण्याची कला कोणत्याही अंदाजपत्रकाला साधलेली नाही. शिवाय येथे प्रश्न केवळ रकमेचा नाही, मुदतीचा आहे. संशोधनाचे अनुदान वर्षाच्या उत्तरार्धात हाती पडावे आणि ३१ मार्चपूर्वी त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र सादर व्हावे, या चौकटीत ८६ वर्षांचे पीक बसणार कसे? महाविद्यालयाच्या कार्यालयात बसून ही प्रमाणपत्रे तयार करणाऱ्या लिपिकाला या विसंगतीची जाणीव आपणां अध्यापकांइतकीच असते.

दुसरी गोष्ट आपल्या अधिक हातातली आहे. अकरावीत असताना साध्या लोलकावरून गुरुत्वत्वरण काढण्याचा प्रयोग प्रस्तुत लेखकाने केला, तेव्हा उत्तर ९८० च्या बरेच खाली आले. शेजारच्या विद्यार्थ्याच्या सल्ल्याने प्रयोगवहीतील वेळा उलट्या गणिताने बदलल्या, उत्तर जुळविले आणि पैकीच्या पैकी गुण मिळविले. लोलकात नेमके काय चुकले होते, हे आजतागायत कळलेले नाही. कारण खरे आकडे त्याच दिवशी खोडले गेले. यात दोष त्या वर्गाचा नाही. जुळलेल्या उत्तराला गुण आणि न जुळलेल्या प्रामाणिक नोंदीला शून्य, या आपल्या सर्वांच्या रिवाजाचा आहे. फॅरेडे यांचा निष्फळ प्रयोग खोडला गेला असता, तर झेमान यांनी आपला प्रयोग पुन्हा हाती घेतला असता का, याची शंकाच आहे. तो नोंदला गेला, म्हणूनच ३४ वर्षांनी एका तरुणाला तो पुन्हा करून पाहावासा वाटला.

येत्या प्रात्यक्षिक परीक्षेत एखाद्या विद्यार्थिनीच्या वहीत न जुळणारे उत्तर सापडले आणि त्याखाली तिने खरी मोजमापे व संभाव्य चुकांची कारणे प्रामाणिकपणे लिहिलेली असली, तर परीक्षकाने तिला पूर्ण गुण द्यावेत. त्यासाठी शासनाच्या अनुदानाची गरज नाही.